थांबलेली वही

(विहाराच्या वर्धापनदिनी, पदवीधर मुलामुलींच्या सत्कार समारंभात केलेले भाषण)



समितीने मला उपदेशाचे दोन शब्द बोलायला सांगितले आहे. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. मी बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब तपासले. आज माझ्या स्वतःच्या हिशोबातली एक चूक तुमच्यापुढे मांडतो. त्यातून काही घेता आलं तर घ्या.

१९८१ ते १९८४ मी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालयात शिकलो. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली हे महाविद्यालय काढले आणि खेड्यापाड्यांतली आमच्यासारखी मुले पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात येऊ लागली. आमच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. फॉर्म कसा भरायचा, शिष्यवृत्तीला कोणता दाखला लागतो, हे बाप सांगू शकत नव्हता. ते शेजारच्या खोलीतला मित्र सांगायचा. ज्यांच्या घरात आधीपासून शिक्षण आहे, त्यांना काका-मामा वाट दाखवतात. आम्हाला वर्गमित्रच काका आणि वर्गमित्रच मामा.

बी. ए.ची परीक्षा झाली. आम्ही दहा जण वसतिगृहाच्या ओट्यावर बसलो आणि एकमेकांना विसरायचं नाही असं ठरवलं. पण पत्रं तरी किती जणांना लिहिणार? मग एकाने युक्ती काढली. दोनशे पानी एक वही घ्यायची. पहिल्याने त्यात आपली हकीकत लिहायची आणि दुसऱ्याला रजिस्टरने पाठवायची. दुसऱ्याने तिसऱ्याला. आठ दिवसांच्या वर कोणी ठेवायची नाही. क्रमही ठरला. माझा नंबर सातवा.

वही खरंच फिरली. पोस्टमन ती घेऊन आला की घरात सण असल्यासारखं वाटायचं. एक जण शाळेवर मास्तर लागला, एकाला एस. टी. महामंडळात नोकरी मिळाली, एक समाजकल्याण खात्यात कारकून झाला. दोन फेऱ्या झाल्या. १९८६ साली तिसऱ्या फेरीत वही माझ्याकडे आली, तेव्हा मी नुकताच बँकेत लागलो होतो. मी चांगली दोन पानं भरली. पगार किती, साहेब कसा, खोली कशी, सगळं लिहिलं आणि वही आठव्या मित्राला पाठवून दिली.

त्यानंतर ती वही परत कोणाला दिसली नाही.

आठवा मित्र जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. इंग्रजीच्या पेपरात तो मागे राहिला होता. दोन-तीन कार्डं टाकली, पण उत्तर आलं नाही. मग आम्ही रागावलो. "वही गिळून बसला," असं म्हणायचो आणि हसायचो. पुढे कोणाची लग्नं झाली, कोणाच्या बदल्या झाल्या. त्याच्याकडे जाऊन बघावं, असं नऊ जणांपैकी एकालाही वाटलं नाही. एस. टी.चं तिकीट काही फार नव्हतं.

तेवीस वर्षे गेली. २००९ साली विधानसभेच्या निवडणुकीत आमच्यातल्या मास्तरांची ड्युटी एका खेड्यातल्या मतदान केंद्रावर लागली. मतदार आला की यादीतलं नाव मोठ्याने वाचायचं, हे त्यांचं काम. दुपारी एक माणूस चिठ्ठी घेऊन पुढे आला. मास्तरांनी अनुक्रमांक वाचला, नाव वाचलं आणि त्यांचा आवाजच थांबला. मान वर करून पाहिलं, तर आमचा आठवा मित्र! केस पांढरे, हात विटांच्या कामाने फाटलेले. मागे रांग होती, बोलता येईना. तो फक्त म्हणाला, "वही आहे बरं का माझ्यापाशी."

पुढच्या रविवारी आम्ही तिघे त्याच्या घरी गेलो. त्याने पेटीतून फडक्यात बांधलेली वही काढली. माझी दोन पानं, आणि पुढच्या पानावर त्याचं अक्षर : "प्रिय मित्रांनो, सप्रेम जयभीम." खाली काही नाही.

मी विचारलं, "अरे, पुढे लिहिलं का नाहीस?"

तो म्हणाला, "लिहायला काय होतं रे माझ्यापाशी? तुम्ही समदे नोकरीचं लिहिलेलं. मी रोज बसायचो लिहायला. म्हणलं, पास झालो की लिहू. काम लागलं की लिहू. मग लईच दिवस झाले. मग पाठवायची लाज वाटली."

माता-भगिनींनो, त्याचा मोठा मुलगा दहावी पास झाला होता. शहरात राहायची सोय नाही म्हणून तो बापाबरोबर वीटभट्टीवर गेला. सरकारी वसतिगृह कुठे आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा करायचा, हे त्या घराला कोणी सांगितलं नाही. आणि त्याच वर्षांत आमच्यातला एक जण समाजकल्याण खात्यात शिष्यवृत्तीच्याच टेबलावर बसत होता! माहिती आमच्याकडे होती, गरज त्याच्याकडे होती. मध्ये फक्त आमचा रुसवा होता.

धाकटी मुलगी तेव्हा बारावीला होती. तिच्यासाठी मात्र आम्ही धावलो. दाखले, अर्ज, वसतिगृह, सगळं केलं. आज ती परिचारिका आहे. पण मुलाची गेलेली वर्षे आम्ही परत देऊ शकलो नाही. माझ्या हिशोबातली चूक म्हणतो ती हीच.

बाबासाहेबांचं उदाहरण आठवा. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री झाली. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा याच मित्राने त्यांना पाच हजार रुपये कर्ज दिले. लंडनमध्ये ओढाताण झाली तेव्हाही त्यांनी भथेनांनाच पत्र लिहिले. बाबासाहेबांसारखा स्वाभिमानी माणूस ज्याच्यापाशी आपली अडचण बोलू शकला, तो खरा मित्र. आमच्या वहीत आनंदाला जागा होती, अडचणीला नव्हती. म्हणून ती थांबली.

आता तुम्ही म्हणाल, "काका, आमचा तर मोबाइलवर ग्रुप आहे." चांगलंच आहे. आमचाही आहे. पण वही थांबली तर निदान कळत तरी होतं. ग्रुपमध्ये एक जण गप्प झाला, तर वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या गर्दीत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आम्ही उशिरा शिकलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, भेटीचा दिवस आणि जागा कायमची ठरवा. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. त्या दिवशी दर वर्षी विद्यापीठाच्या गेटवर लोक अभिवादनाला येतात. आम्हीही तिथेच भेटतो. निमंत्रण लागत नाही, वर्गणी लागत नाही.

दुसरी, पत्ता गावाकडचा लिहून ठेवा, आणि घरातल्या एका माणसाचं नाव. नोकरीची जागा बदलते, मोबाइलचा नंबर बदलतो. गावात विचारलं की माणूस सापडतो.

तिसरी, वर्गातल्या मुलींना विसरू नका. आमच्या वहीत एकाही वर्गभगिनीचं नाव नव्हतं. लग्नानंतर त्यांची आडनावं बदलली, गावं बदलली. नंतर शोधायला गेलो तर दोघींचाच पत्ता लागला. मुलींनो, तुम्ही माहेरचा पत्ता देऊन ठेवा आणि आपसात धागा तुटू देऊ नका.

चौथी, जो नापास झाला, ज्याला नोकरी लागली नाही, त्याला आधी फोन करा. "काय करतोस सध्या?" असं विचारू नका. बेकार माणसाला त्या प्रश्नाची फार भीती वाटते. "कसा आहेस? येऊ का घरी?" असं विचारा. आणि सहा महिने आवाज आला नाही तर रागावू नका, उठून जा.

आमची वही आता पुन्हा फिरते आहे. दहापैकी दोघे आज हयात नाहीत. त्यांची पाने त्यांची मुले लिहितात. त्या रविवारी निघताना आठव्या मित्राने आमच्यासमोर बसून ते कोरं पान पूर्ण केलं. काय लिहिलं ते मी सांगणार नाही, ते आम्हा मित्रांचं आहे. एवढंच सांगतो, की त्याला लिहायला चार पानं पुरली नाहीत.

तुमच्या सत्काराबद्दल तुमचं अभिनंदन. घरी गेल्यावर एक काम करा. आज ज्याचा सत्कार झाला नाही, अशा एका वर्गमित्राला भेटून या.

जयभीम!