आडात आहे, पण पोहरा केवढा?



'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?' ही म्हण आपण नेहमी वापरतो. आज तिची दुसरी बाजू पाहू. आड तुडुंब भरला आहे, पण पोहराच तांब्याएवढा असला तर? पाणी तांब्याभरच वर येणार. घरोघरी बसवलेल्या वाय-फाय राउटरची गत नेमकी हीच आहे.

समजा, एका कुटुंबाने ३०० एमबीपीएसची इंटरनेट जोडणी घेतली आणि नवा राउटर आणला. खोक्यावर ठळक आकडा, १५००. मुलीच्या नव्या लॅपटॉपवर वेग मोजला, तो २८०. आजींच्या जुन्या फोनवर मोजला, तर जेमतेम ४५. खोली तीच, राउटर तोच. मग घरात बोलणे सुरू होते : कंपनी फसवते, राउटर बोगस निघाला, आणखी भारी आणू या. पण लॅपटॉपला २८० मिळत आहेत, याचाच अर्थ कंपनी आणि राउटर या दोघांनी आपले काम चोख केले आहे. आणखी भारी राउटर आणला, तरी आजींच्या फोनवरचा आकडा फारसा हलणार नाही.

असे का होते? आपण रेडिओ ऐकता तेव्हा केंद्र बोलते आणि आपला संच फक्त ऐकतो. वाय-फायचे तसे नाही. तो दोघांमधला संवाद आहे. राउटरने माहितीचा एक तुकडा पाठवला, की फोनने 'मिळाला' अशी पोच द्यायची. म्हणून फोन राउटरला जोडला जाताना दोघे आपापली कुवत एकमेकांना सांगतात, आणि दोघांनाही जमेल अशाच पद्धतीने बोलतात. टाळी एका हाताने वाजत नाही, ती अशी.

ही कुवत मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. पहिली, पिढी. आज ज्यांना आपण वाय-फाय ४, ५ आणि ६ म्हणतो, ती मानके अनुक्रमे २००९, २०१३ आणि २०२१ साली संमत झाली. नवा राउटर जुन्या फोनशी बोलतो खरा, पण त्या फोनच्या जुन्या भाषेत. दुसरी गोष्ट, लहरींचा पट्टा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण तिथे शेजारपाजाऱ्यांच्या राउटरची गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐसपैस आहे, त्याचा पल्ला मात्र कमी. कित्येक जुन्या आणि स्वस्त फोनना हा दुसरा पट्टा पकडताच येत नाही. तिसरी गोष्ट, अँटेना. राउटरला बाहेर चार दिसोत की सहा, फोनच्या आत एकच असेल तर माहितीचा एकच प्रवाह वाहणार. खर्च आणि बॅटरी वाचवण्यासाठी अनेक फोनमध्ये एकच अँटेना बसवलेली असते.

आता हिशेब करू. वाय-फाय ४चा फोन, एक अँटेना, २.४चा पट्टा आणि त्यातली नेहमीची २० मेगाहर्ट्झ रुंदीची वाट. इथे कागदावरचा सर्वाधिक वेग ७२ एमबीपीएस. पोच देण्यात, थांबण्यात, पुन्हा पाठवण्यात त्यातला बराच भाग जातो. म्हणजे आजींच्या फोनवरचे ४५ हे त्या फोनचे उत्तम काम आहे! उलट वाय-फाय ६, दोन अँटेना आणि ५च्या पट्ट्यात ८० मेगाहर्ट्झची वाट असेल, तर कागदावरचा वेग १२०० होतो. खोक्यावरचे १५०० म्हणजे एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे १२०० यांची बेरीज. आपले घरातले उपकरण सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर असते, त्यामुळे ती बेरीज त्याच्या वाट्याला येत नाही.

इथपर्यंत ज्याचे दुखणे त्याच्यापुरते. पण संथ उपकरण इतरांनाही थांबवू शकते. आडावर एकच रहाट आहे आणि प्रत्येकाने पाळीपाळीने एक घागर भरायची, असा नियम आहे असे समजा. मोठ्या पोहऱ्याचा माणूस मिनिटात मोकळा होतो. तांब्याने शेंदणाऱ्याला बारा मिनिटे लागतात, आणि तोवर रांग उभी. फ्रान्समधील ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ साली वाय-फायमधला हाच दोष दाखवून दिला. ११ एमबीपीएसने बोलणाऱ्या यंत्रांच्या जोडीला १ एमबीपीएसचे एक यंत्र बसले, की सर्वांचाच वेग १च्या खाली घसरतो. कारण पाळी सारखी मिळते, वेळ सारखा मिळत नाही. अलीकडच्या अनेक राउटरमध्ये पाळीऐवजी वेळ वाटून देण्याची सोय असते, त्यामुळे त्रास कमी होतो, पण पुरता जात नाही. आणि संथ म्हणजे जुनेच असे नाही. दोन भिंतींपलीकडे ठेवलेला नवा फोनही हळू बोलू लागतो.

मग करावे काय? राउटर बदलण्याआधी घरातले सर्वांत नवे उपकरण त्याच्याजवळ नेऊन वेग मोजा. तिथे पूर्ण वेग मिळाला, तर राउटर निर्दोष. बऱ्याच फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायच्या नावावर बोट ठेवले, की पट्टा आणि जोडणीचा वेग दिसतो, तोही पाहा. टीव्ही आणि टेबलावरचा संगणक जागचे हलत नाहीत. त्यांना वायरने जोडा, म्हणजे हवेतली रांग तेवढी कमी होईल. लॅपटॉप जुना असेल, तर यूएसबीला लावायचा छोटा अडॅप्टर बहुधा नव्या राउटरपेक्षा स्वस्तात काम भागवतो. फोनची अँटेना मात्र कोणतेही ॲप उतरवून वाढत नाही.

शेवटी एक गोष्ट. आपल्याकडे घरातला जुना फोन बहुधा आजीकडे किंवा शाळकरी मुलाकडे जातो. मुलाचा ऑनलाइन वर्ग अडखळला, की 'तुलाच वापरता येत नाही' म्हणून त्यालाच बोल लावला जातो. खरे तर चांगल्या प्रतीची चित्रफीत पाहायला ५ एमबीपीएसच्या आसपास वेग पुरतो आणि तो जुना फोन त्याच्या कित्येक पट देऊ शकतो. तरीही वर्ग अडखळत असेल, तर त्या मुलाची बसायची जागा राउटरच्या जवळ आणा. त्याला पैसे पडत नाहीत.