गाडीचीही आगोट



मे महिना अर्धा सरला की पूर्णगडात घरोघरी एकच घाई असते. मसाला कुटून झाला का, पापड वाळले का, सुकी मासळी डब्यात भरली का, लाकडं पडवीत आली का. आगोटीची कामं कुणाला चुकत नाहीत. बंदरावरही तीच धावपळ. १ जूनला मासेमारी बंद होते, म्हणून होड्या वर ओढून झाकून ठेवायच्या असतात. अंगणातल्या गाडीकडे मात्र कुणी बघत नाही. एप्रिल-मेमध्ये तिने आंब्याच्या पेट्या वाहिलेल्या असतात, पाहुण्यांना स्टेशनवरून आणलेलं असतं, आणि तशीच ती मृगाच्या पावसात उतरते.

थंड देशांत गाडीची अशी तयारी हिवाळ्यापूर्वी करतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे, कारण साधं रबर थंडीत कडक होतं आणि बर्फावर पकड घेत नाही. आपल्याकडे बर्फ नाही. पण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. गाडीच्या दृष्टीने आपला हिवाळा म्हणजे हा पावसाळा. म्हणून आज गाडीच्या आगोटीबद्दल बोलू. गाडी तुम्ही चालवत असा किंवा घरातलं दुसरं कुणी, यातलं बरंचसं तुम्ही स्वतः तपासू शकता.

सुरुवात टायरपासून. टायरच्या खाचा रस्त्यावरचं पाणी बाजूला सारतात. त्या झिजल्या की टायर पाण्यावर तरंगतो, मग ब्रेक दाबा की स्टिअरिंग फिरवा, गाडी ऐकत नाही. खाचेत खोलवर रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाच जेमतेम १.६ मिलिमीटर उरली. तो टायर बदलायचाच. पावसाळ्यासाठी तर त्याच्या आधीच बदललेला बरा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. जुन्या टायरला खाच असली तरी रबर कडक झालेलं असतं. हवा किती भरायची ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पावसात हवा कमी ठेवावी असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि स्टेपनीतली हवाही बघा.

मग दिसण्याची सोय. वायपरचं रबर उन्हात तडकतं. काचेवर पाणी मारून वायपर फिरवा. रेघा उमटल्या किंवा करकर आवाज आला तर रबर बदला. हा खर्च फार नसतो. काचेवर बसलेला तेलकट थर थोडा शाम्पू घालून धुऊन काढा, नाहीतर रात्री समोरच्या गाडीचा उजेड पडला की सगळं पांढरं दिसतं. दिवे तपासताना घरातल्या मुलाला गाडीमागे उभं करा. ब्रेकचा दिवा, बाजूचे इंडिकेटर, सगळं त्याच्याकडून वदवून घ्या. आंबा घाटात धुकं असलं की मोठा उजेड उलटा डोळ्यांवर येतो, तेव्हा दिवे खालच्या झोतावर ठेवायचे. काच आतून धुरकट झाली तर ए.सी. लावून वारा काचेवर सोडायचा.

आता आपल्या किनाऱ्याची खास दुखणी. खाऱ्या वाऱ्याने बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर लवकर चढतो. पावसात दिवे, वायपर, पंखा एकदमच चालू असतात, बॅटरीवर भार येतो. बॅटरी जुनी असेल तर मेमध्येच गॅरेजमध्ये तपासून घ्या आणि टोकं साफ करून त्यांवर पेट्रोलियम जेली लावायला सांगा. गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून मगच गंजरोधक थर मारायचा. ओल्यावर मारला तर मीठ आतच कोंडतं. पुढच्या काचेखालच्या जाळीत आंब्या-फणसाचा पाचोळा अडकतो, तो हाताने काढा. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती लाल मातीने बुजतात. काडीने मोकळी केली नाहीत तर पाणी दारातच साचतं आणि दार आतून गंजतं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गंजून चिकटतो. सपाट जागी लावा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगडाची उटी द्या. माडाखाली तर लावूच नका. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. पाऊस सुरू व्हायच्या आधीही झाडं पडतात, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

गाडीत एक पिशवी भरून ठेवा. बॅटरी, दोरी, जुना टॉवेल, पिण्याचं पाणी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं आणि एक कोयती. रस्त्यावर आडवी पडलेली फांदी तोडायला कोयतीच कामी येते.

एवढं सगळं केलं तरी एक गोष्ट गाडीला जमत नाही, ती म्हणजे वाहत्या पाण्यातून जाणं. साधारण फूटभर पाण्यातही छोटी गाडी तरंगू लागते, आणि दोन फूट वाहतं पाणी जीपसारखी जड गाडीही ओढून नेऊ शकतं. पऱ्याचं पाणी लाल असतं, खाली रस्ता उरला आहे की वाहून गेला, ते वरून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. बस आणि त्यांच्यासोबत इतर वाहनं अंधारात खाली गेली. त्या चालकांना पुढे पूल नाही हे कळायला मार्गच नव्हता. आपल्यासमोर मात्र पाणी डोळ्यांना दिसत असतं, तरीही आपण म्हणतो, पुढची गाडी गेली ना, मग आपणही जाऊ. तसं म्हणू नका. साकवावरून पाणी जात असेल तर गाडी वळवा. उधाणाची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की खाडीकाठी पाणी चढतं. ओहोटी लागली की बहुधा उतरतंही. भरती-ओहोटी आपल्याला कुणी शिकवायला नको. थोडं थांबायचं. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा चावी फिरवू नका. पाणी इंजिनात खेचलं जातं आणि इंजिन कायमचं जातं. विम्याच्या साध्या पॉलिसीत हा खर्च बहुधा धरलेला नसतो, त्यासाठी वेगळं कवच घ्यावं लागतं. पॉलिसी मेमध्येच वाचून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पूर्णगडाहून पावस, गोळप, भाट्ये करत रत्नागिरी पंचवीसेक किलोमीटर. उन्हाळ्यात हे अंतर काहीच वाटत नाही. पण जुलैतल्या रात्री कुणाच्या छातीत दुखू लागलं किंवा कळा सुरू झाल्या, आणि रस्त्यावर पाणी असलं, तर घरातले लोक घाबरून त्या पाण्यात गाडी घालतात. तो निर्णय त्या घटकेला घ्यायची वेळच येऊ देऊ नये. सुनेची तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल तर आठ-दहा दिवस आधीच तिला शहरात नातेवाइकांकडे नेऊन ठेवा. हृदयाच्या माणसाची महिन्याची औषधं आधी आणा. तपासणीच्या तारखा मेमध्ये उरकून घ्या. पावसाळ्यात टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२, हे दोन आकडे घरातल्या लहान मुलालाही पाठ हवेत.

मसाल्याची बरणी भरताना आपण पुढचे चार महिने डोळ्यांसमोर आणतो. या आठवड्यात मसाला डब्यात भरून झाला की तासभर अंगणात या आणि गाडीभोवती एक फेरी मारा. काय बदलायचं त्याची यादी करा. मृगाला अजून थोडे दिवस आहेत, तेवढ्यात ती पुरी होईल.