हातपाय का थरथरतात? रक्तातील साखर आणि आपले ताट
(संस्थेच्या आरोग्य शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील एक साधे कारकून आहोत. तरीही कार्यकारी मंडळाने आरोग्यावर बोलण्याचा आग्रह धरला, कारण या विषयाने आम्हांस स्वतःला बराच त्रास दिला आहे. तेव्हा जे भोगले आणि त्यानंतर डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजले, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

गोष्ट २०१८ सालची. आम्ही तेव्हा रोखपालाच्या खिडकीवर होतो. सकाळी साडेसहाला दोन कप गोड चहा, त्यात बुडवून चार-पाच बिस्किटे, की निघालो लोकल पकडायला. अकराच्या सुमारास आमचे हात थरथरू लागत. कपाळाला घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आणि समोरच्या माणसावर विनाकारण चिडचिड. मग कँटीनमधून आणखी एक गोड चहा मागवायचा. दहा मिनिटांत बरे वाटे आणि दुपारी चार-पाचला पुन्हा तेच.

एके दिवशी या थरथरत्या हातांनी एका ग्राहकाला पाचशेच्या चार नोटा जादा गेल्या. संध्याकाळी हिशेबात दोन हजार कमी आले. ते नियमाप्रमाणे आम्ही खिशातून भरले. त्याचे दुःख फारसे झाले नाही. दुःख झाले ते त्याच दिवशी रांगेतून ऐकू आलेल्या एका वाक्याचे, "सकाळी सकाळीच टाकून आलाय वाटतं!" ज्या माणसाने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही, त्याला चार लोकांत हे ऐकावे लागले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातील नोकरी ही पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीची नोकरी आहे. ती करताना आपल्याविषयी लोक काय समजतात, हे आपल्याला विसरता येत नाही. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. आम्हांस वाटले होते की ते गोळी लिहून देतील. त्यांनी गोळी दिली नाही, वही घालायला सांगितली. केव्हा खाल्ले, काय खाल्ले, केव्हा थरथर सुटली, याची नोंद. आमचा जन्म जमाखर्चात गेलेला, त्यामुळे हे काम आम्हांस सोपे गेले. दुसरे त्यांनी सांगितले ते असे की, थरथर सुटेल त्याच वेळी प्रयोगशाळेत जाऊन शिरेतून रक्त द्या, नंतर नको. असे रक्त राखाडी बुचाच्या नळीत घेतात. तिच्यातील औषधामुळे रक्तपेशी नळीतच साखर खाऊन टाकत नाहीत आणि आकडा खरा येतो.

पहिल्या वेळी आमची साखर ७६ आली, म्हणजे चांगली. दुसऱ्या वेळी ५२ आली. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तुमची प्रत्येक थरथर साखरेची नाही. काही वेळा नुसता रिकाम्या पोटी घेतलेला चहा आणि अपुरी झोप आहे. पण काही वेळा मात्र ती खरोखर साखरेची आहे." हे बोलणे आम्हांस फार मोलाचे वाटते. कारण घाम आणि धडधड ही थायरॉइडमुळे, रक्त कमी असल्यामुळे, हृदयाच्या दोषामुळे किंवा मनातील भीतीमुळेही होते. या तपासण्याही त्यांनी करून घेतल्या.

आता थोडा इतिहास. इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे लागला आणि १९२२ साली ते प्रथम एका मधुमेही मुलाला देण्यात आले. मात्रा जास्त झाली की रोग्याला घाम, थरकाप आणि भूक लागते, हे डॉक्टरांना दिसू लागले. १९२४ साली सील हॅरिस या अमेरिकन डॉक्टरांनी इन्सुलिन न घेणाऱ्या माणसांतही हीच लक्षणे असल्याचे लिहिले. पुढे १९३८ साली व्हिपल या शस्त्रवैद्यांनी तीन कसोट्या घातल्या: लक्षणे असावीत, त्याच वेळी रक्तातील साखर कमी असावी आणि साखर वाढताच लक्षणे जावीत. तिन्ही जुळल्याशिवाय साखर कमी होण्याचा आजार म्हणू नये. तरीही पुढे अमेरिकेत कोणत्याही थकव्याला हेच नाव देण्याची टूम निघाली, तेव्हा १९७३ साली तेथील वैद्यकीय संस्थांना पत्रक काढून लोकांना सावध करावे लागले. आपणही घरच्या घरी निदान करू नये, हा त्यातील धडा.

हे घडते कसे, ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. आपल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साखर असते ती जेमतेम एक चहाचा चमचा, पाच ग्रॅमच्या आसपास. ही झाली काउंटरवरची रोकड. यकृतात सुमारे शंभर ग्रॅम साठा असतो, ती झाली तिजोरी. आणि सर्वांत मोठा खातेदार म्हणजे मेंदू. तो एकटा दिवसाला सुमारे १२० ग्रॅम साखर उचलतो आणि त्याला उधारी चालत नाही. रोकड घटू लागली की शरीर तिजोरी उघडते आणि त्यासाठी ॲड्रिनलिन नावाचा रस सोडते. घाम, धडधड, थरथर आणि कडकडून भूक ही त्या रसाची लक्षणे होत. तरीही साखर घटत राहिली तर मेंदू कुरकुर करू लागतो. चिडचिड, गोंधळ, अडखळते बोलणे, झोकांड्या आणि शेवटी झटके व बेशुद्धी.

आमच्या बाबतीत दोष होता तो सकाळच्या चहा-बिस्किटांचा. रिकाम्या पोटी मैदा आणि साखर गेली की ती झटकन रक्तात उतरते. एवढी भरणा एकदम आल्यावर शरीर घाईने जास्त इन्सुलिन सोडते आणि दोन ते चार तासांनी साखर गरजेपेक्षा खाली जाते. मग आम्ही पुन्हा गोड चहा घेत होतो, म्हणजे एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढत होतो.

यावर उपाय ताटातच होता. आम्ही केलेले बदल पुढीलप्रमाणे.

पहिला, उठल्यावर आधी खाणे, मग चहा. एक ज्वारीची भाकरी आणि रात्रीची भाजी, किंवा मुगाचे धिरडे, किंवा दोन उकडलेली अंडी. चहात साखर अर्धा चमचा.

दुसरा, साडेदहाला मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे. ड्रॉवरमध्ये डबीच ठेवली.

तिसरा, डब्यात भाताचा ढीग कमी करून भाकरी किंवा पोळी, मटकी-चवळीची उसळ, पालेभाजी आणि कांदा-काकडी. भात सोडला नाही. थोडा, आणि वरणासोबत.

चौथा, साडेचारला एक पेरू किंवा वाटीभर ताक. वडापाव आणि जिलबी यांना रोजच्या यादीतून काढले.

पाचवा, दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर पडू द्यायचे नाही.

यामागील तत्त्व असे की डाळी, अंडी, दाणे यांतील प्रथिने आणि कोंडा-पाल्यातील तंतू यांच्यामुळे अन्न सावकाश पचते आणि साखर हप्त्याहप्त्याने रक्तात येते. कोणते अन्न किती वेगाने साखर वाढवते, याची मोजणी १९८१ साली टोरांटोच्याच डॉ. जेन्किन्स यांनी मांडली. पण आपल्या आजीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे ती मोजणी निघण्याच्या आधीपासून आहे. आम्हीच नोकरी लागल्यावर 'भाकरी नको' म्हणू लागलो होतो.

साधारण तीन आठवड्यांत थरथर कमी झाली आणि दोन महिन्यांत जवळजवळ थांबली. पण त्या वहीने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. उत्साहात आम्ही घरातील सर्वांचे रकाने पाडले होते. आमच्या सहचारिणींच्या रकान्यात सकाळच्या खान्यापुढे रोज कोरी जागा होती. सर्वांचे डबे भरून, उरले तर दुपारी बाराला त्या खात. त्यांनाही चक्कर येत होती, पण त्यांनी ती कधी कुणाला सांगितली नव्हती. तपासले तर साखर ठीक होती, हिमोग्लोबिन मात्र कमी निघाले. वीस वर्षांच्या संसारात हे आमच्या लक्षात आले नाही, याची लाज वाटते. आता रात्री मूग आम्ही भिजत घालतो, सकाळी वाटतो, आणि पहिले धिरडे त्यांच्या ताटात पडते.

आता सर्वांत महत्त्वाचे. आमचा त्रास किरकोळ होता. जिवावर बेतणारा प्रकार होतो तो मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना. आमच्या वसाहतीतील एक निवृत्त गृहस्थ गोळी घेऊन लग्नाला आले. लग्न लांबले, जेवण लांबले. ते असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले. पोरांनी हसत हसत त्यांना मांडवाबाहेर नेले. सर्वांनी समजायचे ते समजून घेतले. त्यांच्या शाळकरी नातीने मात्र धावत जाऊन साखरेचे पाणी आणून पाजले. दहा-पंधरा मिनिटांत आजोबा शुद्धीवर बोलू लागले. ती मुलगी नसती तर काय झाले असते, हे आपणच ठरवावे. पुढे त्यांना रात्रभर रुग्णालयात ठेवले, कारण काही गोळ्यांचा अंमल लांब असतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

म्हणून हे पाठच करावे. मधुमेहींची साखर ७० च्या खाली गेली तर सावध व्हावे, ५४ च्या खाली धोका समजावा. माणूस गिळू शकत असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, उतार नसेल तर पुन्हा द्यावे आणि बरे वाटल्यावर भाकरी-पोळी खायला घालावी. ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही औषधे घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्यांना ग्लुकोजच द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर 'पिलेला आहे' म्हणून पुढे जाऊ नये. आणि खरोखर प्यालेला असला तरीही जाऊ नये, कारण उपाशीपोटी घेतलेली दारू यकृताचे साखर बनवण्याचे काम बंद पाडते.

अष्टमी-पौर्णिमेला उपोसथ पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती आहे की, गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. विनयपिटकाच्या महावग्गात आजारी भिक्खूंना अवेळीही तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी घेण्याची भगवंतांनी अनुज्ञा दिली आहे. जेथे भिक्खूंना सवलत आहे, तेथे आपण शरीराला छळण्याचे कारण नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. बिहारमधील मुझफ्फरपूर येथे लिचीच्या हंगामात लहान मुले पहाटे झटके येऊन दगावत. २०१४ साली तेथील दोन रुग्णालयांत अशी ३९० मुले आली, त्यांतील १२२ गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की लिचीतील विषारी द्रव्ये शरीराला साखर बनवू देत नाहीत, आणि जी मुले रात्री न जेवता झोपली त्यांना धोका जास्त होता. म्हणजे फळ निमित्त झाले, भूक आधीच घरात होती. संशोधकांचा सल्ला साधा होता: मुलांना रात्री जेवू घाला आणि आजारी मूल आले की ताबडतोब साखर द्या. परीक्षेला उपाशी जाणे ही तपश्चर्या नव्हे. वसतिगृहात चहा-पावावर दिवस काढू नका. दप्तरात फुटाण्यांची पुडी ठेवा.

शेवटी एक सूचना मांडतो. आपल्या सभागृहाच्या कपाटात ग्लुकोजचा एक डबा आणि साखर मोजण्याचे एक यंत्र कायम असावे, आणि प्रत्येक कार्यक्रमात वृद्धांची पंगत भाषणांच्या आधी बसावी. त्याने आमच्यासारख्या वक्त्यांची भाषणे थोडी लांबणीवर पडली तरी चालेल.

आम्हांस वार्षिक तपासणी चालूच ठेवावी लागते, कारण आईला मधुमेह होता आणि असा त्रास कधी कधी पुढच्या मधुमेहाची पूर्वसूचना असतो. पण २०१८ नंतर आमच्या खिडकीवर हिशेब चुकलेला नाही.

जेवणाची वेळ झाली आहे, तेव्हा येथेच थांबतो. जयभीम.