आजाऱ्याची सेवा हाच धम्म

(विहाराच्या वर्धापनदिनी पहूर येथे केलेले भाषण)



समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले. दरवर्षी या जागेवरून आपण चळवळीचा इतिहास बोलतो. आज आम्ही घरातलं बोलणार आहोत. आमच्या मंडळींना अंडाशयाचा कर्करोग झाला. तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन केमो. पहूर ते परळ अशा खेपा आम्ही केल्या. बाईमाणसाचं पोटातलं दुखणं सभेत कशाला, असं कोणाला वाटेल. पण मंडळींनीच सांगितलं की बोला, लपवण्यासारखं आपण काही केलेलं नाही.

हा आजार गुपचूप येतो. पोट फुगतं, दोन घासांत भरल्यासारखं वाटतं, ओटीपोट दुखतं, लघवीला वारंवार जावं लागतं. बाई म्हणते गॅस झाला, वय झालं. म्हणून माय-बहिणींनो, असं दोन-तीन आठवडे रोज होत असेल, तर ओवा खाऊन गप्प बसू नका. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, सोनोग्राफी करा. आईला, बहिणीला असा किंवा स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

कोणी म्हणतात, मागच्या जन्मीचं भोगते आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली आहे. आपण 'चौकट राजा' सिनेमा पाहिला. त्यातल्या स्मिता तळवलकर ६ ऑगस्ट २०१४ रोजी याच आजाराने गेल्या. हा रोग नाव बघत नाही, जात बघत नाही. पाप-पुण्याचा तर प्रश्नच नाही.

केमोचं औषध सलाईनमधून देतात, बहुधा दर २१ दिवसांनी. पहिले काही दिवस मळमळ, उलटी, तोंडाला चव नाही. फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळतं. तोंडात फोड येतात, मग ठेचा-भाकर जात नाही, मऊ खिचडी, वरण-भात चालतो. बोटांना मुंग्या येतात, शर्टाचं बटण लागत नाही. केस जातात, पण उपचार संपल्यावर परत येतात. औषधानंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा १००.४ च्या वर ताप गेला, तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

हे सगळं डॉक्टर सांगतात. जे डॉक्टर सांगत नाहीत, ते आम्ही सांगतो. ज्या बाईने तीस वर्षं सगळ्यांना वाढलं, तिला कोणी वाढून दिलं तर ती लाजते. उलटी झाली की मंडळी स्वतःच फडकं घ्यायला उठत. आमच्या मुलाने भाकर थापायला घेतली, तेव्हा भावकीतले हसले. आम्ही म्हटलं, हसा, पण भाकर खाऊन जा.

आणखी एक. भेटायला आलेल्या काही नातलगांनी मंडळींचा कप वेगळा ठेवायला सांगितलं. बंधू-भगिनींनो, वेगळा कप म्हणजे काय हे आपल्या आज्यांना विचारा! २० मार्च १९२७ ला महाडला आपण पाण्यासाठी उभे राहिलो, आणि आता आपल्याच घरात आपल्याच बाईचा पेला वेगळा? कर्करोग पेल्यातून पसरत नाही. औषधानंतर दोन दिवस उलटी-लघवी साफ करताना हातमोजे घालायचे, ते औषधाच्या अंशामुळे. आम्ही सर्वांसमोर मंडळींच्याच कपातून चहा प्यालो. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने घाणीत पडला होता. बाकीचे त्याच्याकडे बघत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. भगवंतांनी स्वतः पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर निजवलं. आणि भगवंतांनी सांगितलं की ज्याला माझी सेवा करायची, त्याने आजाऱ्याची करावी. माणसाची किंमत त्याच्या कामावर नसते, हा त्याचा अर्थ. घरची बाई काम करू शकत नाही, त्याच दिवशी आपला धम्म खरा की खोटा ते कळतं. तिथेच रोग्याचेही गुण सांगितले आहेत. औषध घ्यावं आणि दुखणं आहे तसं सांगावं. मंडळी आधी सांगत नसत, मग सांगू लागल्या. रात्री भीती वाटते, हेही सांगू लागल्या.

आता कामाचं. कर्करोग्याला उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वेच्या स्लीपरचं भाडं माफ असतं आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा दाखला लागतो. दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळेत गावोगावचे कर्करोगी राहतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा.

विहाराकडे आमची एकच मागणी आहे. वस्तीत कोणाचा उपचार चालू असेल, तर वहीत पाळ्या लावा. एका घराने पाणी भरावं, एकाने डबा द्यावा, एकाने सोबत जावं. त्यात पुरुषांचीही नावं पाहिजेत.

मंडळींची तपासणी चालू आहे. हा आजार उलटू शकतो, हे आम्ही दोघांनी ऐकून घेतलं आहे. सगळं अनित्य आहे, हे आपण रोज म्हणतो. म्हणूनच आज हातात आहे तेवढी सेवा आजच करू. दोन शब्द संपवतो.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!