सातव्या दिवसाचा मद्यार्क

गर्भवतीने घेतलेले मद्य वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते. १९७३ साली अमेरिकेत जोन्स व स्मिथ यांनी त्यातून उद्भवणाऱ्या व्यंगांना 'गर्भ मद्य संलक्षण' हे नाव दिले. तथापि दोष मद्याचा की मातेच्या कुपोषणाचा, हा वाद उरलाच; स्त्रियांवर प्रयोग करणे तर अशक्यच! प्रयोगशाळेतील उंदरांचा आहार मात्र सारखा राखता येतो. १९८१ मध्ये कॅथलीन सुलिक यांनी मादी उंदरांना गर्भधारणेच्या केवळ सातव्या दिवशी मद्यार्क टोचला. गर्भांत डोळ्यांच्या अरुंद फटी, सपाट वरचा ओठ, अविकसित मेंदू अशी बालकांसारखीच लक्षणे आढळली. मानवी गर्भात ही अवस्था तिसऱ्या आठवड्यात येते. आपण गर्भवती आहोत हे तोवर पुष्कळ स्त्रियांना ठाऊकही नसते.