ओल्या लुगड्यातला गारठा

करडीच्या आमच्या गटातर्फे आज थंडीतल्या शिकारीबद्दल बोलतो. शिकार म्हणजे मासोळीची. रानातल्या शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती बरोबरच आहे.

आपला भंडारा तलावांचा जिल्हा. धान निघालं की तलाव-बोड्यांचं पाणी उतरत जातं, आणि उथळ पाण्यात मासोळ्या, झिंगे हाती लागतात. म्हणजे पाण्यात उतरायची वेळ नेमकी पूस महिन्यातली, पारा दहाच्या खाली जातो तेव्हाची. पुरुष डोंग्यात बसून जाळं टाकतात. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहतो त्या आपण.

पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा वीसपंचवीस पट लवकर ओढून घेतं. बाहेर आलो तरी सुटका नाही, कारण भिजलेलं सुती लुगडं ऊब धरत नाही आणि वारा लागला की अंग आणखी गार पडतं. तरी आपण तशाच ओल्या घरापर्यंत चालत जातो. का? काठावर कपडे बदलायला आडोसा नाही म्हणून. थंडी सोसायची सवय आहे, हे आपलं सांगायचं कारण झालं.

आम्ही सुचवतो ते एवढंच: जाळ्याच्या आधी कोरड्या कपड्यांचं गाठोडं काठावर गेलं पाहिजे. लुगडं, पोलकं, डोक्याला रुमाल आणि एक जुनं स्वेटर, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. चार बांबू आणि एक तट्टा लावला की आडोसा होतो. नाहीतर दोघींनी चादर धरावी. आधी कपडे बदला, मग शेकोटीजवळ बसा. ओल्या अंगाने शेकत बसलात तर पुढून भाजतं आणि पाठ गारच राहते. उपाशी पोटी पाण्यात जाऊ नका. आणि एकटी तर कधीच जाऊ नका.

एकमेकींकडे लक्ष ठेवा. कुडकुडणं चालतं. पण बोलताना जीभ जड झाली, हातातून जाळं सुटायला लागलं, किंवा कुडकुडणारी बाई एकदम गप्प झाली, तर तिला बरं वाटतंय असं समजू नका. तो धोका आहे. तिला लगेच बाहेर काढा, ओलं उतरवा, अंग कोरडं टिपा. डोकं, छाती, पोट झाकून घ्या, खाली तणसाचा जाड थर द्या. शुद्धीत असेल तर गोड गरम चहा पाजा. हातपाय जोरात चोळू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही, म्हणून विस्तवाला लावून बसवू नका. दारूने ऊब येते म्हणतात, पण ती फसवी. आतली ऊब उलट बाहेर जाते. सुस्ती उतरत नसेल तर १०८ ला फोन करा.

आणि रात्री शेगडी पेटती ठेवून दारं-खिडक्या लावून झोपू नका. त्या धुराला वास नसला तरी झोपेतच जीव जातो.