वाट चालून गेलेल्यांनी बोलावे



नंदुरबार, शहादे, तळोदे भागातील आपल्या पुष्कळ घरांत पदवीपर्यंत पोचलेले मूल हे त्या घरातील पहिलेच असते. पुढे कोणता मार्ग धरावा, हे विचारावयास त्यास घरात माणूस नसतो. माहितीपत्रकात अभ्यासक्रमांची नावे मिळतात. पैसा कोठे अपुरा पडतो, हे मात्र त्या वाटेने गेलेल्यानेच सांगावयाचे असते.

बाबासाहेब बॅरिस्टर झाले, एवढेच आपण मुलांना सांगतो. १९१३ साली बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेताना त्यांनी दहा वर्षे नोकरी करण्याचा करार केला होता. १९१७ साली तेथे रुजू झाले, तर राहावयास जागा मिळेना. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये हे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. मुंबईस येऊन शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा काढला. जात कळताच गिऱ्हाइके थांबली. मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी, तीतील शिल्लक व शाहू महाराजांचे साहाय्य यांवर १९२० साली पुन्हा लंडन, आणि १९२३ साली वकिली. हा क्रम ऐकणाऱ्या मुलास एक वाट बंद झाली असता दुसरी कशी काढावी, ते कळते.

आपल्या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी राहिलेले डॉ. राजेंद्र भारूड यांनीही ‘मी एक स्वप्न पाहिलं’ या पुस्तकात आईच्या मोहाच्या दारूविक्रीपासून सारे उघड मांडले आहे. लाजेने झाकलेली हकीकत कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

माझेही सांगतो. ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली पहिली काही वर्षे मिळकत नाममात्र असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. घरभाडे मी शिकवण्या घेऊन भागविले.

आणखी एक गोष्ट वकील या नात्याने सांगणे भाग आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती बौद्धांस नव्हत्या. १९९० च्या दुरुस्तीने त्या मिळाल्या. परंतु जातपडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या दाखल्यावर ‘महार’, नातवाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’. मधला दुवा मुलास ठाऊकच नसतो, आणि प्रवेशाची मुदत निघून जाते. आजोबा कोणत्या गावी, कोणत्या शाळेत शिकले, दीक्षा केव्हा घेतली, हे घरात आजच बोला व कागद शोधून ठेवा.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर आपल्यातील परिचारिका, शिक्षक, तलाठी, एस.टी. वाहक यांना बसवा. मुलांनो, त्यांना सत्काराचे हार घालीत बसू नका. पहिल्या वर्षाची फी कोठून आणली, किती वेळा नापास झालात, कोणता कागद अडला, हे विचारा.